विटाळ आणि जंतू : सुप्याच्या बाजारातील भाजीचा इतिहास

१२ मे १८७५. वार बुधवार. भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता. त्या दिवशी कुणबी शेतकऱ्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. कर्जरोखे, खतपत्रे, वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात अशी सुप्यातून झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सुप्याचे नाव येते ते एवढ्यासाठी. पुणे-सुपे परगणा म्हणून शहाजीराजांच्या जहागिरीच्या प्रकरणात ते आधी एकदा येऊन जाते, आणि नंतर या दंग्यात.

मी हा दंगा महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी शिकवताना मला एकच प्रश्न पडतो. त्या बुधवारच्या बाजारात महार-मांग कुठे उभे होते? ते बाजारात होतेच. येसकराशिवाय गाव नव्हते आणि बलुत्याशिवाय त्यांचे पोट नव्हते. मीठ-मिरची आणि भाजी त्यांनाही लागत होती. मग ती ते कशी घेत होते? सावकाराची वही जळाली हे खरे. पण गावाजवळ आणखी एक वही होती. ती कागदाची नव्हती. कोणाच्या स्पर्शाने काय बाटते याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब तिच्यात होता. ती त्या दिवशी जळाली नाही.

बाजाराच्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या आज्जीने दिले. ती शाळेत कधी गेली नाही. याच जिरायती पट्ट्यात दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात तिचे आयुष्य गेले. ती सांगायची, "आरं बाळा, माळव्याला हात लावायचा न्हाई. लांबनं बोट दावायचं. बाई वरनं पदरात टाकायची. पैसं खाली ठिवायचं. ती त्याच्यावर पानी शिपडायची न् मंग उचलायची." मी विचारले, "आणि ती मेथी खुरपली कोणी होती?" आज्जी हसली. म्हणाली, "आमीच की. खुरपली आमी, उपटली आमी, जुड्या बांदल्या आमी."

या दोन वाक्यांत आपल्या समाजरचनेचे सगळे तर्कशास्त्र आले. जुडी बांधेपर्यंत तो हात चालत होता. तीच जुडी पाटीत गेली की तो हात बाटवणारा झाला. मधल्या काळात हातात कोणताही बदल झाला नव्हता. बदलला होता तो फक्त मालक.

२

धुणे हा शब्द आपण फार सहज वापरतो. कपडे धुतो, भांडी धुतो, भाजी धुतो. परंतु या देशात धुण्याचे दोन इतिहास आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे हा येथील प्रतिष्ठितांचा जुना धंदा आहे. एक इतिहास विटाळ धुण्याचा. दुसरा घाण धुण्याचा. पहिल्यात पाणी शिंपडले की भागते, कारण धुवायचे असे काही तेथे नसतेच. दुसऱ्यात शिंपडून भागत नाही. तेथे चोळावे लागते, वाहते पाणी लागते, वेळ लागतो. चार थेंबांनी पैसा शुद्ध होतो हे मानणाऱ्या माणसाला आपण पैसा स्वच्छ केलेला नाही हे पुरते ठाऊक होते. त्याला स्वच्छता नकोच होती. त्याला हवे होते ते अंतर.

दुसऱ्या इतिहासाचे मोठे टप्पे पाहिले तर ते तीस-चाळीस वर्षांत येतात. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासतात आणि त्या बायका तापाने मरतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना ते पटले नाही. आमच्यासारख्या सभ्य माणसांचे हात घाणेरडे कसे, हा त्यांचा सवाल होता. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याशी पटकीचा संबंध लावून दाखवला. १८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आला आणि पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्याने तेथील एका तळ्याच्या पाण्यातही शोधला. पुढल्याच वर्षी एशरिख या डॉक्टरने आतड्यात राहणारा तो जंतू वर्णन केला ज्याला आज ई. कोलाय म्हणतात. पाण्यात किंवा भाजीवर तो सापडला तर तेथे माणसाची वा जनावराची विष्ठा पोहोचली आहे असे समजतात.

याच दशकात, १८८८ साली, कोकणातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी विटाळाविरुद्ध पुस्तिका काढली आणि उच्चवर्णीयांना प्रश्न विचारले. मला या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. कॉखने दाखवले की डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट पाण्यात खरोखर असते. वलंगकरांनी विचारले की डोळ्यांना न दिसणारी दुसरी गोष्ट, जिच्यावर तुमचा एवढा विश्वास आहे, ती मुळात असते तरी कुठे? जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. विटाळ आजवर कोणत्याही भिंगाखाली दिसलेला नाही.

३

या दोन इतिहासांची समोरासमोर गाठ पडली ती महाडला.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि पुढल्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले हे आपणास माहीत आहे. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यात आले. १०८ घागरी आणि पंचगव्य. म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण.

भावना बाजूला ठेवून हा प्रसंग केवळ आरोग्यशास्त्राच्या नजरेने पाहा. कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात जंतू दाखवून त्रेचाळीस वर्षे झाली होती. विष्ठेतून रोग पसरतो ही गोष्ट तोवर शाळेच्या पुस्तकात आली होती. अशा वेळी माणसाने पाण्याला हात लावला म्हणून ते अशुद्ध ठरले, आणि पिण्याच्या पाण्यात शेण सोडले म्हणून ते शुद्ध झाले! तळ्यावर गुरे पाणी पीत होती, त्याने काही बिघडत नव्हते. विटाळाचे शास्त्र आणि जंतूंचे शास्त्र हे एकमेकांचे पाहुणे नाहीत, ते एकमेकांच्या उलट्या दिशेने चालतात, हे महाडने सिद्ध केले. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. न्यायालयात दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

त्याच महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले. काही जण याचा अर्थ असा लावतात की सवर्णांच्या सोवळ्याला त्यांनी मान्यता दिली. हा अर्थ साफ चुकीचा आहे. सोवळे हे दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी असते. बाबासाहेबांची स्वच्छता ही स्वतःच्या शरीराचा आणि मुलाबाळांचा आदर करण्यासाठी होती. त्यांनी विटाळ नाकारला आणि साबण स्वीकारला. आपण दोन्ही एकदम नाकारू लागलो, तर ती चूक आपली आहे.

४

आता भाजीकडे परत येऊ. सोवळ्याच्या शास्त्रात कोरडे आणि ओले असा मोठा भेद आहे. कोरडे धान्य, कोरडा शिधा, कच्चा भाजीपाला लवकर बाटत नाही. शिजवलेले, पाणी लागलेले अन्न मात्र लगेच बाटते. त्यामुळे आज्जीने खुरपलेली मेथी पाटलाच्या चुलीपर्यंत गेली, पण आज्जीने केलेली मेथीची भाजी त्याच्या पानापर्यंत कधीच गेली नाही. हा भेद सोयीचा होता. कच्च्या मालाला विटाळ लावला असता तर शेती बंद पडली असती. म्हणून विटाळ तेथेच लावला जेथे श्रमाची गरज संपत होती आणि बरोबरीने बसण्याचा प्रश्न सुरू होत होता.

जंतुशास्त्र नेमके उलटे सांगते. धोका कच्च्यात आहे. मातीतून, शेणखतातून, पाण्यातून, हातांतून आलेले जंतू कच्च्या पाल्यावर जिवंत असतात. चुलीवर भाजी नीट शिजली की रोगाचे बहुतेक जंतू मरतात. म्हणजे विज्ञानाच्या हिशेबाने महारवाड्यातल्या चुलीवरून नुकतीच उतरलेली वाफाळती भाजी ही वाड्यातल्या देवघरासमोर ठेवलेल्या न धुतलेल्या काकडीपेक्षा अधिक निर्धोक होती. ज्याला आरोग्याची काळजी होती त्याने आमच्या हातचे शिजलेले आधी खायला हवे होते. हजारो वर्षांत ते कोणाला सुचले नाही. कारण काळजी आरोग्याची नव्हती.

साहेबांच्या बंगल्यातही धुण्याचा हा प्रश्न होताच. १८९० च्या दशकात आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. त्याच जांभळ्या-गुलाबी पाण्यात साहेबांच्या घरचा कच्चा पाला भिजवत. धुणारे हात अर्थातच नोकरांचे. तेथे निदान धुण्याचे कारण खरे होते. पण जंतूंचे ज्ञान स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. नोकराच्या वस्तीला शुद्ध पाणी मिळाले पाहिजे असे त्या ज्ञानातून निघत होते. ते काढायला फारसे कोणी तयार नव्हते.

५

आमच्या भागात पाण्याचा इतिहास हाच सत्तेचा इतिहास आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूरचा दक्षिण भाग बागाईत झाला, उसाने भरला. सुपे कालव्याच्या वर राहिले, कोरडेच राहिले. १९७२ च्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला गेली. तेथेही पाण्याचे माठ दोन होते असे ती सांगे. दुष्काळात सगळे सारखे भुकेले होते, सारखे तहानलेले नव्हते. त्याच दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन महाराष्ट्रभर गावे पालथी घातली, ती उगीच नव्हे. आणि १९७४ साली पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. बाजारात पोती वाहणाऱ्यांना स्वस्त आणि ताजे शिजलेले अन्न मिळू लागले. कच्चे-पक्क्याच्या जुन्या शास्त्राला तेथे रोजच्या भाकरीने उत्तर मिळाले.

आज या कोरड्या पट्ट्यात उपसा योजनांचे पाणी येते. त्यातली पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचे पाणी उचलते. मुळा-मुठेत पुण्याचे सांडपाणी येते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, नाक पुरे. तेच पाणी पुढे भीमेतून उजनीच्या जलाशयात, इंदापूरच्या दारात जाते. शहर आपली घाण खाली सोडते, खालचा शेतकरी तिच्यावर भाजी पिकवतो आणि ती भाजी पुन्हा शहराच्या मंडईत जाते. हे चक्र पूर्ण आहे. दुष्काळी शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे घाण पाणी की कोरडे रान एवढीच निवड ठेवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली आणि पुन्हा २००६ साली सांडपाण्यावरील शेतीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत खाणाऱ्याइतकाच रानात राबणाऱ्याचाही विचार आहे. आपल्याकडे चर्चा होते ती फक्त खाणाऱ्याची. त्या पाण्यात अनवाणी उभी राहून कोथिंबीर उपटणाऱ्या बाईच्या पायांचे काय? ती बाई बहुतेक वेळा कोण असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आणि ती जुडी बाजारात नेण्यापूर्वी ओढ्यात किंवा कालव्यात बुडवून काढली जाते. माती जाते, पाला टवटवीत दिसतो. परंतु धुण्याचे पाणीच घाण असेल तर धुतल्याने जंतू जात नाहीत, येतात. चकचकीत दिसणे आणि स्वच्छ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सोवळ्याबाबत आपण हे केव्हाच ओळखले, भाजीबाबतही ओळखायला हवे.

६

दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी मुलांबरोबर स्वयंपाकाला बसलो होतो. एका मुलीने कोथिंबीर निवडून, नळाखाली धुऊन परातीत ठेवली. थोड्या वेळाने दुसऱ्या एका विद्यार्थ्याने ती परात उचलली आणि पुन्हा नळाखाली धरली. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, जंतू असतात ना." मी म्हणालो, "बरोबर आहे. मग या काकड्या आणि टोमॅटो?" ते त्याच्याच मित्राने आणून तसेच कापायला घेतले होते. तो गप्प झाला. ती मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला कारण माझ्याआधी कळले होते.

२०२० साली कोरोनाच्या दिवसांत सगळा देश भाज्या धुऊ लागला. काहींनी साबण लावला, काहींनी सोडा. तेव्हाच काही पंडितांनी म्हणायला सुरुवात केली की पूर्वजांची शिवाशिव म्हणजे आरोग्यशास्त्रच होते. शिबिरातला तो मुलगा याच हवेत वाढलेला आहे. त्याच्या आजोबांना 'विटाळ' म्हणता येत होते. त्याला कायद्याने आणि शिक्षणाने तो शब्द उच्चारता येत नाही. म्हणून त्याने 'जंतू' हा शब्द उचलला. जुनी वही नव्या पुठ्ठ्यात बांधली गेली आहे.

ती ओळखायची कसोटी सोपी आहे. ज्याला जंतूंची भीती असते तो सगळ्यांची भाजी धुतो आणि आधी स्वतःचे हात धुतो. ज्याला स्पर्शाची भीती असते तो एकाचीच भाजी धुतो आणि स्वतःचे हात तपासत नाही. व्हिएन्नाच्या डॉक्टरांचे तेच झाले होते. आपले हात शुद्धच आहेत या खात्रीने त्यांनी माणसे मारली.

त्या संध्याकाळी मी रागावलो नाही. आम्ही सगळे नळावर गेलो. प्रत्येकाने, मी धरून, साबणाने वीस आकडे मोजेपर्यंत हात धुतले. मग मी त्या मुलीलाच सगळी भाजी धुण्याचे काम आणि सगळ्यांना शिकवण्याचे काम दिले. तिने शिकवले ते असे: भाजी कापण्यापूर्वी धुवायची, कापल्यावर नाही, नाहीतर सुरीबरोबर वरची घाण आत जाते. पिण्याजोगे वाहते पाणी घ्यायचे. एकाच घमेल्यात सगळ्या जुड्या बुचकळल्या तर एकीची घाण दुसरीला लागते. पालेभाजीचे देठ सोडवून पान न्‌ पान धुवायचे. कोबीची वरची पाने काढून टाकायची. काकडी, गाजर, बटाटा चोळून धुवायचा, ज्याचे साल काढायचे तोसुद्धा. साबण भाजीला लावायचा नाही, तो हातांसाठी आहे. शेवटी स्वच्छ फडक्याने कोरडी करायची. याने जंतू कमी होतात, सगळे जात नाहीत. लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस घरात असेल तर कच्चे देण्यापेक्षा शिजवून द्यावे. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. मोड येताना ऊब आणि ओल मिळते, त्यात जंतू वाढतात, आणि ते नुसत्या धुण्याने निघत नाहीत. उपाय चुलीवर आहे.

तो विद्यार्थी तिच्या शेजारी उभा राहून टोमॅटो धूत होता. त्याचे मन बदलले असे मी म्हणणार नाही. पण जेवायला आम्ही एका ओळीत बसलो आणि त्याने तिच्या हातचे वाढून घेतले.

कार्यकर्त्या मित्रांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. स्वच्छता हा विषय आपण सोवळेवाल्यांच्या हाती सोडून देऊ नये. वस्तीला पिण्याचे शुद्ध पाणी, शहराच्या सांडपाण्यावर पुरी प्रक्रिया, रानात राबणाऱ्या बायकांना बूट-हातमोजे, आणि बाजारात धुण्यासाठी चांगले पाणी या मागण्या आरोग्याच्या आहेत आणि समतेच्याही आहेत. त्या आपण जंतुशास्त्राच्या आधारे मांडल्या पाहिजेत. आणि कोणी 'जंतू' म्हणून विटाळ सांगू लागला तर त्याला त्याच शास्त्राने थांबवले पाहिजे.

सुप्याच्या बाजारात १८७५ साली एक वही जळाली. दुसरी अजून शिल्लक आहे. ती जाळायला आग लागत नाही. सर्वांसाठी सारखे पाणी लागते.